अक्का आणि नाशिककडचे पाहुणे

"आधी तोंड गोड, मंग काय ती बात."

अक्काच्या दारात कुणीही जावो, वसुलीला जावो की भांडायला, आधी तळहातावर गुळाचा खडा पडायचा. खडा तोंडात असला की माणसाला ओरडता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिच्याशी भांडायला म्हणून गेलेला माणूस लोणच्याची बरणी घेऊन परत येतो. आमची अक्का त्याच जातकुळीतली.

घाटनांदूरला माझं खतं-औषधांचं दुकान होतं आणि अक्का माझी गिऱ्हाईक. तिचे मालक परळीला भावाबरोबर कापडाचं दुकान बघायचे आणि आठवड्यातून एकदा यायचे. शेत मात्र अक्काचं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पदर खोचलेला आणि आवाज थेट स्टेशनपर्यंत जाणारा. दुकानात कितीही गर्दी असो, ती सरळ गल्ल्यापाशी यायची.

"मोरचूद काढ. अन् चुना ताजा दे, मागल्या बारीसारखा मेलेला नको."

मोरचूद आणि चुना कालवून द्राक्षांवर निळं औषध फवारतात. ते फवारून फवारून तिची सगळी लुगडी निळसर पडली होती. मी एकदा गमतीनं म्हणालो, "अक्का, महादेवाचा गळा निळा, तुमचं लुगडं निळं." तर म्हणाली, "त्यानं इख पिलतं, मी उधारीवर घेते. पिशवी बांध."

त्या वर्षांत सगळंच खुलं व्हायला लागलं होतं. गावात केबल आली, एसटीडीचा पिवळा डबा आला, माझ्या दुकानात जीभ वळणार नाही अशा नावांची औषधं आली. माजलगावकडं धरणाच्या जिवावर ऊस होता, परळीला वीज तयार व्हायची. आमच्या गावाकडं कौतुकानं सांगण्यासारखं काही नव्हतं आणि ते अक्काला खुपायचं. अशातच एका कृषी प्रदर्शनात तिला नाशिककडचे वाइनवाले भेटले. त्यांनी तिला वाइनची वेगळी द्राक्षं दाखवली. बारकी, बियांची, जाड सालीची. बाजारात ती कुणी फुकट घेणार नाही, पण वाइनवाले हौसेनं उचलतात. अक्का घरी आली आणि खायच्या द्राक्षांची दीड एकर बाग उपटून तिनं ही लावली. मला विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो. म्हणूनच तिनं विचारलं नसावं.

वाइनवाल्यांची अट एकच होती. इतक्या लांब गाडी पाठवायची तर गावात निदान दहा एकर बाग हवी. अक्काची दीड होती, बाकीची गावानं लावायची होती आणि गाव काही हलेना. 'दारूची द्राक्षं' हा शब्द एव्हाना पारावरून फिरून आला होता. मग अक्कानं त्या वाइनवाल्यांनाच निरोप धाडला, बाटल्या घेऊन या आणि लोकांना चाखवा. लोक पटले तर गाडी येणार. नाही पटले तर अक्काच्या वेलींवरचा माल पाखरांना.

त्याप्रमाणे चार वाइनवाले जीपमधून आले. अक्काच्या गोदामात सतरंज्या अंथरल्या होत्या. पंधरा-वीस शेतकरी जमले. त्यात बळीराम होता. हा अक्काच्या बांधाला लागून असलेला शेतकरी, गावातला सगळ्यात तिरकस माणूस, पण तो 'हो' म्हणाला की निम्मं गाव 'हो' म्हणायचं. मीही होतो, कारण फुकटचं चाखायला मिळतंय म्हटल्यावर दुकान कोण उघडं ठेवतो?

पाहुण्यांमधल्या पिकल्या मिशांच्या वडीलधाऱ्या गृहस्थानं नाजूक दांडीचे ग्लास मांडले. बळीरामनं दांडी सोडून ग्लास मुठीत धरला. दुसऱ्या एकानं पाहुण्यांचं बघून ग्लास गरगर फिरवला आणि शेजाऱ्याच्या धोतरावर लाल नकाशा काढला. मधोमध एक बादली ठेवली होती. तिच्यात आमच्या लोकांनी हात धुतले.

"घोट तोंडात घोळवा आणि बादलीत थुंका," मिशीवाले म्हणाले.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पाहुण्यानं दिलेलं त्याच्यासमोर थुंकायचं? ते आमच्या हातून होणार नव्हतं. सगळ्यांनी मुकाट्यानं गिळलं आणि सगळ्यांची तोंडं एकाच वेळी वाकडी झाली. मी घेतली तर चिंचेचा कोळ बरा, अशी आंबट. बळीराम म्हणाला, "अक्का, ही तर नासली की ओ!"

"कावून नासंल? तोंड सरळ कर," अक्का दरडावली.

पण खरी गंमत पाहुण्यांची. मिशीवाल्यांनी स्वतः घोट घेतला, कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी बाटली उचलली, कागद वाचला, दुसरी बाटली फोडली, पुन्हा आठ्या. आपलीच वाइन त्यांना ओळख देईना. मग त्यांची नजर दाराशी ठेवलेल्या ताटाकडं गेली. ते रिकामं होतं. सकाळपासून आत येणाऱ्या प्रत्येकाला, खुद्द पाहुण्यांनाही, अक्कानं गुळाचा भला मोठा खडा खायला लावला होता. गुळावर कुठलीही वाइन आंबटच लागणार. मिशीवाले इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुसरी कुणी असती तर शरमेनं आत गेली असती. अक्का उभी राहिली. "चूक माझी हाय. समदे उठा, चुळा भरा, फुटाणे खावा. पयल्यापासून करू."

दुसऱ्या फेरीला वाइन वाइनसारखी लागली. माणसं खुलली. एकाला जांभळाची चव आली, एकाला पावसाळी लाकडाची, मला कसलीच नाही, पण मी मान डोलावली. बळीरामनं तीन ग्लास रिकामे केले आणि मग फासा टाकला.

"बरी हाय. पण अक्का, तुमी एक घोट घ्या. तुमी घेतली की मी अर्धा एकर लावतो. आत्ता, पाहुण्यांसमोर."

अक्कानं जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. गळ्यात लिंग असलेली बाई कशी घेईल? आणि हे बळीरामला ठाऊक होतं. तिच्या एका घोटावर कदाचित दहा एकर उभी राहिली असती. तिनं बळीरामकडं नीट बघितलं.

"तू कापूस लावतो ना? मंग खातो का रे कापूस? मी पिकवणार. पिणारे पितेल. माझं तोंड मधी कावून आणतो?"

लोक खदाखदा हसले, बळीरामही हसला. पण हसणं वेगळं आणि लावणं वेगळं. संध्याकाळी जीप निघाली तेव्हा एकही नवा एकर झाला नव्हता. मिशीवाल्यांनी हात जोडले. गाडी काही येऊ शकणार नाही, म्हणाले.

"मंग मी येते," अक्का म्हणाली. "माल आणला तर घेताल का न्हाई?"

"घेऊ की."

जीप गेल्यावर ती ग्लास विसळत बसली. पाहुणे ते तिला ठेवून गेले होते. मी मदतीला वाकलो तेव्हा हळूच म्हणाली, "मी बाग उपटून बसले रे. आता या वेलींना काय सांगू?" इतकी वर्षं मी तिला ओळखत होतो. त्या आवाजात तिला पहिल्यांदाच ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या क्षणी तिनं पदर खोचला. "बघू. पोचवू."

आणि तिनं पोचवली. दर हंगामाला टेम्पो ठरवायची, क्रेटवर ओली पोती टाकायची आणि ड्रायव्हरशेजारी स्वतः बसायची. भाड्यात बरंच जायचं, तरी पुढच्या हंगामाला टेम्पो दारात हजर. "अक्का सासरी निघाली बे!" बळीराम बांधावरून ओरडायचा. एकदा मीही तिच्याबरोबर गेलतो. तिथं मिशीवाल्यांनी तिला मानानं खुर्ची दिली आणि तिच्याच द्राक्षांच्या वाइनचा ग्लास पुढं केला. अक्कानं डोळे मिटून भरपूर वास घेतला. "लई ग्वाड वास हाय. घ्या, आता तुमी प्या," म्हणत ग्लास परत केला. परतीच्या वाटेवर ती अहमदनगरपर्यंत त्या वासाबद्दलच बोलत होती.

मग एका वर्षी बळीराम तिच्या ओट्यावर येऊन नुसताच बसून राहिला.

"काय रे?"

"अर्धा एकर लावलाय. टेम्पोत जागा हाय का?"

"आता कावून?"

"जागा द्या, बोलू नका."

अक्का बोलली नाही. ते तिला किती जड गेलं असेल, ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. बळीरामच्या मागोमाग एकेक जण आला. एका टेम्पोचे दोन झाले. ज्या वर्षी बाग दहा एकरांच्या वर गेली, त्या वर्षी मिशीवाल्यांचा माझ्या दुकानात फोन आला. यंदा गाडी आम्ही पाठवतो, म्हणाले.

पण त्याच वर्षी संक्रांतीनंतर थोड्याशा तापाचं निमित्त झालं आणि अक्का गेली. लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. अक्काला तिच्याच शेतात, पहिल्या ओळीच्या टोकाला बसवलं.

हंगामात एका सकाळी गाडी आली. खरोखरीची मोठी, जाळीची गाडी, नाशिककडून थेट आमच्या पांदीच्या वाटेत. ड्रायव्हर घाई करत होता, ऊन चढायच्या आत भरा म्हणत होता. बळीरामचे क्रेट सगळ्यात जवळ होते. तो जागचा हलला नाही.

"आधी अक्काचा माल," तो म्हणाला.

कुणी वाद घातला नाही. त्याच्या क्रेटपाशी पोचलेले सगळे मागं फिरले आणि अक्काच्या बागेत शिरले. जिच्यासाठी ती एवढी झटली ती गाडी तिच्या दारात उभी होती आणि बघायला ती नव्हती. मला भर उन्हात, चारचौघांत रडू फुटलं.

"रडतो कावून बे?" बळीराम माझ्याकडं न बघता म्हणाला. "क्रेट धर."

मी क्रेट धरला.