चौकोनी लहरीतली खाच

आमच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत विजेची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप एकच होता आणि त्याला हात लावायची मुभा फक्त सरांना होती. शेजारी पाटी: "बटणे फिरवू नयेत. फारच हौस असल्यास घरी रेडिओ आहे." आम्ही लांबून बघायचो. पडद्यावर आधी अ‍ॅनालॉगची लहर यायची, वळणावळणाने चढणारी-उतरणारी. मग डिजिटलची, चौकोनी. एकतर वर, नाहीतर खाली, अधलंमधलं काही नाही. मला ही दुसरी आवडायची. आमच्या घरात कुणीच इतकं स्पष्ट बोलत नसे.

खडकीच्या आमच्या क्वार्टरमध्ये तेव्हा माझ्या लग्नाचं घाटत होतं. वडिलांनी शब्द दिला होता, की पहिल्या फटक्यात डिप्लोमा झाला तर नोकरी कर. एक जरी विषय राहिला तर लोणी काळभोरच्या स्थळाला होकार. स्थळ वाईट नव्हतं, चांगली बागायत होती. पण मला पगार हवा होता, स्वतःचा. रात्रंदिवस तेवढाच घोर लागला होता.

आता जर्नलविषयी. प्रयोग करून जर्नल लिहावं ही कल्पना आमच्याकडे कुणाला सुचलेलीच नव्हती. ते मागच्या वर्षीच्या मुलांचं बघून उतरवायचं. त्यांनी त्यांच्या मागच्यांचं उतरवलेलं असायचं. सगळ्यांच्या चौकोनी लहरीला दुसऱ्या माथ्यावर एक लहानशी खाच होती. सर ती खाच तासभर समजावायचे. कपॅसिटर, चार्ज, डिस्चार्ज, फळा भरून जायचा. परीक्षेत प्रश्न हमखास. मी उत्तर घोकून घोकून तोंडपाठ केलं होतं.

प्रॅक्टिकलला माझी चिठ्ठी ऑसिलोस्कोपचीच निघाली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढे हातभर अंतरावर बसले. लहर आली, खाचही आली. आणि खाचेच्या जागी काचेवर काहीतरी लाल-काळं वाळलेलं दिसलं.

कुंकू! खंडेनवमीला शिपाईमामा झाडून सगळ्या यंत्रांची पूजा करायचे. ओल्या कुंकवाचं बोट थेट पडद्यावर, दरवर्षी त्याच जागी, जुन्या थरावर नवा थर. पुसणं अशुभ. बटणं कुणी फिरवत नसल्याने लहरही जागा सोडत नव्हती. चौकोनी लहर त्या ठिपक्यामागे बोटभर गडप व्हायची, आणि कधीकाळी कुणा हुशाराने न दिसणारी रेघ अंदाजाने खाली वळवून काढली होती.

मी काय करावं? बोटाला थुंकी लावली आणि ओढणीने खसाखसा पुसलं. लहर पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली.

मग ध्यानात आलं. जर्नलमध्ये खाच, पडद्यावर नाही, आणि बाहेरून आलेले परीक्षक दोनच टेबलं पलीकडे. स्वच्छतेपायी मी लोणी काळभोरला निघाले होते.

परीक्षक आले. त्यांनी जर्नल पाहिलं, पडदा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पडदा पाहिला.

"आपल्या आकृतीत खाच दिसते. इथे कुठे गेली?"

त्यांच्या मागे सर उभे होते. त्यांनी आधी माझी लाल झालेली ओढणी पाहिली, मग काच. त्यांचा चेहरा पार उतरला. खरं बोलले असते तर सरांच्या साऱ्या फळ्यांवर पाणी पडलं असतं, आणि वर्गातलं एकेक जर्नल खोटं ठरलं असतं. मला सरांची दया आली. स्वतःची त्याहून जास्त आली.

"यंत्र बिघडलंय, सर," मी परीक्षकांना म्हणाले.

"कधीपासून?"

"आत्ताच."

"बरं. खाच का येते, तेवढं सांगा."

मी सांगितलं. कपॅसिटरसकट, एका दमात. परीक्षक मान डोलावत राहिले. "छान अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना कळतं, यंत्रांना कळत नाही." त्या यंत्रावर 'नादुरुस्त' असा कागद सरांनी स्वतःच्या हाताने चिकटवला, नीट, चारही कोपऱ्यांना डिंक लावून.

मी पास झाले. वडिलांनी शब्द पाळला आणि महिन्याभरात नोकरीही लागली, तपासनीसाची. समोर येणाऱ्या प्रत्येक यंत्राची लहर पडद्यावर बघायची आणि ती निर्दोष आहे की सदोष, हे खाली सही करून लिहून द्यायचं. पहिल्याच यंत्राची लहर अगदी सरळ आली. पेन हातात धरून मी आधी तिच्यात खाच शोधू लागले.