डाव्या पायातली चप्पल

गाडी चालवणारा मी असे, पण चप्पल काढायचे ते. शेजारच्या सीटवर बसायचे, दार दोनदा ओढून बघायचे, मग वाकून डाव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सरकवायचे. उजवी पायातच. मी किल्ली फिरवली की त्यांचा अनवाणी पाय पुढं सरकायचा आणि तिथं नसलेला क्लच दाबायचा.

आमच्या साताऱ्याच्या पेठेत त्यांना सगळे आप्पा म्हणत. एका साखर कारखान्याच्या जीपवर तीस वर्षं ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर आमच्यापासून चार दारं खाली एका खोलीत राहायचे. बायको वारलेली. दुपारभर मेस्त्रींच्या गॅरेजसमोर एका जुन्या टायरवर बसून असत. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. काम संपलेलं असतं, तरी कामाच्या जागेजवळ येऊन बसतो.

१९९३ साली माझी सांगलीच्या मोजणी कार्यालयात बदली झाली. मुलीची शाळा साताऱ्यात, म्हणून घर हलवलं नाही. सोमवारी पहाटे जायचं, शनिवारी परत यायचं. त्यासाठी जुनी पांढरी मोटार घेतली आणि तिला नवी क्लच प्लेट टाकली. ती प्लेट एकोणीस हजार किलोमीटरला गेली. आकडा वहीत आहे, अंदाजानं सांगत नाही.

मेस्त्रींनी काढलेली प्लेट माझ्या हातात दिली. वरचा थर झिजून आतल्या रिबिटी दिसायला लागल्या होत्या. मी म्हणालो, "माल हलका असणार."

टायरवरून आवाज आला, "माल झ्याक हाय. पायाचं काय ते बघा."

मी वळून पाहिलं.

"क्लचवर पाय ठिवून झोपता का काय, सायेब?"

मी क्लचवर पाय ठेवत नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. आप्पा म्हणाले, "सोमवारी बघू की. मला बी सांगलीलाच जायचंय. लेकीकडं."

सोमवारी बघितलं. गियर पडला की आप्पांचा पाय तडक मागं यायचा. माझा पेडलवरच रेंगाळायचा, दाबलेला नाही आणि सोडलेलाही नाही. "तुमाला वाटतं नुसता टेकलाय," आप्पा म्हणाले. "तिकडं प्लेट घासाय लागली." मग मी रस्त्याबरोबर त्यांच्या पायाकडेही बघायला लागलो. त्यांचा मागं आला आणि माझा नाही, की एक चूक. सांगलीपर्यंत एक्केचाळीस झाल्या. तिथल्या माझ्या खोलीवर पोचल्यावर वहीत लिहिल्या.

गळिताच्या दिवसांत इस्लामपूरच्या पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची. मी अर्ध्या क्लचवर गाडी इंच-इंच पुढं काढायचो. आप्पा मांडीवर थाप मारत ओरडायचे, "थांबायचं तर थांबा, जायचं तर जा. मधी का लोंबकळतासा?"

एकदा पुढचा गाडीवान मागं वळून म्हणाला, "आवं, कुणाला म्हणतासा? बैलांना का सायबांना?"

"बैलांना कळतंय रं! त्यांना कशाला सांगू?"

आमची पेठ चढावर आहे. तिथं समोरून कोणी आलं की मी क्लचवरच गाडी तोलून धरायचो, आणि जळका वास सुटायचा. ती सवय घालवायला आप्पांना तीन महिने लागले. "हातब्रेक कशाला दिलाय? पिशवी अडकवाय?" एवढंच विचारायचे.

शिकवणं सोडून ते फारसं बोलत नसत. लेकीबद्दल तर कधीच नाही. एकदा कराडच्या पुलावर आपणहून म्हणाले, "जीपमधी मागं कायम चार माणसं बोलत असायची. काय बोलायची ते ध्यानात न्हाई. पर आवाज असायचा. खोलीत लय शांत असतंय." मी मान हलवली. पुढं ट्रक होता, माझं लक्ष गियरकडं होतं.

एक्केचाळीसवरून आकडा तीसवर आला, मग सतरा, मग सहा. शेहेचाळिसाव्या सोमवारी सांगलीत शिरलो तेव्हा माझ्या मोजणीप्रमाणे एकही चूक नव्हती.

"शून्य," मी म्हणालो.

"न्हाई. उंब्रजला ठिवला हुता पाय."

"नव्हता, आप्पा."

"मग पेठनाक्याला."

"तिथंही नव्हता. तुमचा आणि माझा पाय एकदमच मागं आला. मी बघत होतो."

आप्पा काचेतून बाहेर बघत म्हणाले, "लिवा मग शून्य." नेहमीच्या चौकात उतरले. त्या दिवशी चप्पल घालायला त्यांना जरा वेळ लागला.

त्याच सकाळी कचेरीच्या कामानं मला स्टँडवर जावं लागलं. साताऱ्याची बस लागलेली होती. खिडकीशी आप्पा बसले होते, कागदातला भडंग खात. चौकात सोडून अर्धा तासही झाला नव्हता. त्यांनी मला पाहिलं नाही.

मी हिशेबी माणूस, लगेच हिशेब मांडला. सांगलीत लेक नाही. म्हातारा माणूस निव्वळ माझ्या क्लचसाठी एकशेवीस किलोमीटर येतो आणि तेवढंच बसमध्ये धक्के खात परत जातो. हे बरोबर नाही. शनिवारी साताऱ्यात आल्या-आल्या त्यांच्या दारात गेलो.

"आप्पा, सांगलीत तुमची लेक नाही ना?"

"लेक सुरतंला असती," ते म्हणाले. "सांगलीत कोण न्हाई."

"मग येत कशाला होता?"

"तुमचा पाय बघाय."

"तो आता सुधारला. उगाच तुम्हाला त्रास नको."

त्यांनी एकदा माझ्या पायाकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय. सुधारला."

मी त्यांच्यावरचं ओझं उतरवलं, या समाधानात घरी आलो. बायकोला सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली. "अहो, पण त्यांना विचारलंत का, यायचंय का म्हणून?"

विचारलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी ते दारापुढचा केर काढत होते. दोन्ही पायांत चप्पल. मी काच खाली करून म्हणालो, "येता का?" त्यांनी झाडू वर करून म्हटलं, "जावा, जावा. चांगला चालवतासा." त्यानंतरच्या सोमवारीही तेच. रविवारी मी दोनदा त्यांच्या खोलीवर गेलो. चहा झाला, पण चार भिंतींत आम्हाला बोलायला काही सापडेना. एकशेवीस किलोमीटर मी एकटा जायला लागलो. वहीत दर सोमवारी शून्य लिहायचो. काही महिन्यांनी तेही सोडलं.

एका सोमवारी काय मनात आलं कोण जाणे, त्यांच्या दारापुढं चढावर मी मुद्दाम गाडी अर्ध्या क्लचवर धरली. इंजिन घोंगावायला लागलं, ओळखीचा जळका वास आला. त्यांनी बाहेर येऊन ओरडावं, एवढंच मला हवं होतं. दार उघडलं नाही. मग कुलूप दिसलं.

शेजारीण म्हणाली, "गुरुवारीच लेक येऊन घिऊन गेली की. आता तिकडंच ऱ्हाणार म्हनं." गुरुवारी मी सांगलीत होतो. सुरतेचा पत्ता कोणाकडंच नव्हता. मेस्त्रींकडंही नाही.

१९९८ साली बदली होऊन साताऱ्यात आलो आणि गाडी विकायला काढली. दुसरी प्लेट अडतीस हजार सातशे किलोमीटर चालली होती आणि अजून गाडीतच होती. हा आकडा मला एकाच माणसाला सांगायचा होता.

घेणारा एक तरुण शिक्षक होता. त्यानं दार उघडून आत नजर टाकली. बायकोनं घातलेलं काथ्याचं पायपुसणं शेजारच्या सीटपुढं तसंच होतं. "इथं हे एकाच ठिकाणी का चेपलंय?" त्यानं विचारलं. डाव्या कोपऱ्यात पावलाच्या पुढच्या भागाएवढी जागा दबून गुळगुळीत झाली होती. मी इतकी वर्षं उजवीकडं बसत आलो, कधी पाहिलीच नव्हती.

"एक चक्कर मारून बघतो," तो म्हणाला. मी शेजारी बसलो. आमच्या चढावर समोरून टेम्पो आला. त्यानं हातब्रेक ओढला नाही, क्लचवरच गाडी तोलून धरली. वास सुटला.

मी खाली बघितलं. डाव्या पायातली चप्पल मी केव्हा काढली, मला आठवेना. पाय त्या चेपलेल्या जागेवर होता.