आत्याबाईंनी ठेवून घेतलेली झाकणं

आमच्या ह्यांच्या लांबच्या आत्याबाईंनी कोल्हापुरात जेवढे संसार मार्गी लावले, तेवढी लग्नंही कुठल्या भटजीनं लावली नसतील. धंदा म्हणाल तर पिठाच्या गिरणीचा. पण दळायला आलेल्या डब्यात हात घातला की बाईंना त्या घरातलं सगळं कळायचं. "गहू निम्मा झाला, सासू गावाला धाडलीस व्हय?" असं त्या भर गिरणीत, पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून विचारायच्या. त्यांचा खरा जीव चाळिशी ओलांडलेल्यांवर. पोरगं रडून सांगतं, म्हातारं कण्हून सांगतं, मधल्या माणसाला मात्र कुणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाला त्या एक काम नेमून द्यायच्या आणि पीठ देऊन, ते पुरं होईपर्यंत डब्याचं झाकण ठेवून घ्यायच्या. वर्तमानपत्र बांधलेला डबा दिसला की गल्ली ओळखायची, इलाज चालू आहे. पेन्शनीत निघालेले एक फौजदार घरच्यांनाच सावधान-विश्राम करायला लावत. आत्याबाईंनी त्यांना शाळेतल्या पोरांची कवायत घ्यायला पाठवलं. महिन्याभरानं साहेब झाकण न्यायला आले, ते गुमान रांगेत उभे राहून!

मग माझी पाळी आली. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची गोष्ट. दोघे मुलगे नोकरीला परगावी गेले, लेक हुपरीला नांदायला गेली, घरात उरलो आम्ही दोघं. मी मात्र पाच माणसांचे जोंधळे घेऊन गिरणीत हजर. आत्याबाईंनी डब्यात हात घातला. "सुनबाई, खातंय कोण एवढं?" मला रडूच कोसळलं. सवयीनं भाकऱ्या थापत होते आणि उरलेल्या शेजारच्या म्हशीला घालत होते. माझी आता कुणालाच गरज नाही, हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, तेही बारा बायकांसमोर.

"रडतीस काय? दळण बरोबर हाय, माणसं कमी हाईत. तीन माणसं शोध की!" असं म्हणून त्यांनी झाकण ठेवून घेतलं.

म्हणजे खाणावळ काढायची! आणि ती हेडक्लार्कच्या बायकोनं! "लोक तोंडात शेण घालतील," हे म्हणाले. आठ दिवस मी डब्याला वर्तमानपत्र बांधून काढले. नवव्या दिवशी परगावच्या तीन मास्तरांना पाटावर बसवलं. त्यातल्या एकानं ताटावरून मान वर न करता म्हटलं, "काकू, अजून एक भाकरी." अहाहा! वर्षभरात पंगतीला वीस माणसं झाली आणि वाढायला खुद्द हेडक्लार्क, कमरेला पंचा गुंडाळून. पहिल्या पंगतीच्या दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी चालती गिरणी बंद केली होती आणि "सून जितली गं आमची!" असं ओरडून झाकण माझ्या हातात दिलं होतं.

त्यानंतर एकदा गिरणीच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा डबा दिसला. सहज हात घातला. तळाशी ओंजळभर जोंधळे. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. गल्लीभरची दळणं बघणाऱ्या बाईचं दळण आजवर कुणी बघितलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी त्यांच्या डब्याचं झाकण पिशवीत घातलं.

"ए सुनबाई, झाकण कुठं चाललंय?"

"दोन्ही वेळा माझ्याकडं जेवायला यायचं. तोवर मिळायचं नाही."

"मी काय म्हातारी झालो व्हय?" त्यांनी गिरणी डोक्यावर घेतली. पण संध्याकाळी आल्या, धुवट लुगडं नेसून, आणि पहिल्याच घासाला म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

पुढं नऊ वर्षं त्या माझ्याच पंगतीला जेवल्या. झाकण काही त्यांनी कधी परत मागितलं नाही. माझ्या डब्याला ते जरासं मोठं होतं, तरी मी तेच लावते.