जावेच्या दारातली निळी पिंपं

माझ्या मोठ्या जावेच्या दारात दोन निळी पिंपं होती आणि माझ्या दारात एकही नव्हतं. आमचं घर म्हणजे एकाच घराची मधे भिंत घालून केलेली दोन घरं, त्यामुळे सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन त्या पिंपांचं. इंदापूरच्या रस्त्याला, कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला आमचं गाव. पाणी आमच्यापर्यंत पोचायच्या आत वरचे ऊसच ते पिऊन टाकायचे. नव्वद सालानंतरच्या त्या उन्हाळ्यांत टँकर यायचा, तोही त्याच्या मनात आलं तर. ज्याच्याकडे पिंप त्याच्याकडे पाणी. माझ्याकडे दोन हंडे, एक कळशी आणि काठ फुटलेला रांजण.

पिंपं आली माळावरच्या रंगाच्या फॅक्टरीतून. फॅक्टरी बंद पडली, मालक पसार झाला. मागे राहिली गळकी शेड, गुलाबी पडलेली माती आणि पिंपांची रास. कुंपणाला माणूस जाईल एवढं भगदाड होतं. माझे मोठे दीर सायकलला बांधून दोन घेऊन आले. जावेनं ती राखेनं घासली, कडुनिंबाचा पाला घालून भिजत ठेवली आणि त्यातलं पहिलं पाणी शेळीला पाजलं. दुसऱ्या दिवशी शेळी उड्या मारत होती. झालं, पिंप शुद्ध! मग साऱ्या गावानं हीच रीत धरली. आमच्या ह्यांना मी रोज टोचायची, "अवं, एक तरी आणा की." हे म्हणायचे, "आणतो गं, पळून जातंय व्हय?" हे उठेपर्यंत रास संपली होती.

पिंपांचं एक वेळ मी सोसलं असतं. पण माझी लेक! चार वर्षांची पोर, तहान लागली की भिंतीपलीकडे पळायची. "मोठ्या आईकडचं पाणी लई गार हाय," म्हणायची. पाण्यामागोमाग जेवणही तिकडे, वेणीही तिकडे. जावेला दोन्ही मुलगे, त्यामुळे माझी पोर तिच्या मांडीवरून खाली उतरत नसे. मी इकडे भाकरी थापताना तव्यापेक्षा जास्त तापलेली. पोरीला हाका मारायची, ती यायची नाही, मग मी भांड्यांवर राग काढायची. नुसती जळत होते मी.

मग पुण्याहून सरकारी गाड्या आल्या. माणसांच्या अंगात पांढरे झगे, हातात रबरी मोजे, तोंडाला बैलाला बांधतात तशी मुसकी. ती गुलाबी माती ते जाड पिशव्यांत भरत होते आणि आम्ही बाया नाकाला पदर लावून बघत होतो. माती भरून झाल्यावर भोंग्याची जीप गावात फिरली. फॅक्टरीतून नेलेली पिंपं परत द्या, त्यांत विष मुरलंय, ते घासून जात नाही, असं ओरडत.

मला आतून गुदगुल्या झाल्या. झगेवाल्यांनी जावेची पिंपं आडवी केली, तेव्हा मी माझ्या दारात मुद्दाम सूप घेऊन पाखडत उभी होते. ती हात जोडत म्हणत होती, "सायेब, शेळीला पाजून बघितलंय वो मी!" साहेब हसला नाही. त्यानं विचारलं, "या घरातलं पाणी कोण कोण प्यायलं?"

माझ्या हातातलं सूप गळालं. इतके दिवस मी पिंपंच बघत बसले होते.

गावातल्या बुद्धविहारात डॉक्टरीणबाई तपासायला बसल्या होत्या. पोरीला कडेवर घेऊन मी धावत गेले, जाऊ माझ्यामागे. बाईंनी विचारलं, "हिचं पोट दुखतं का? अंगाला खाज?"

"न्हाय बाई, कायबी न्हाय," मी म्हटलं.

"हाय की," जाऊ पुढे झाली. "जेवल्यावर पोट धरून बसती. गुडघ्यामागं पुरळ हाय, मी खोबरेल लावते. सांजच्याला लई खाजवती."

बाईंनी पोरीचा फ्रॉक वर केला. गुडघ्यामागे पुरळ होतं. पोरीला रोज मीच आंघोळ घालत होते.

पुढचं सगळं बाईंनी जावेलाच विचारलं आणि ती डोळे पुसत सगळं बरोबर सांगत गेली. पोर औषधानं बरी होईल म्हणाल्या, तसा माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी मलमाची डबी जावेपुढे धरली. "आई, हे रोज लावा."

"मी न्हाय बाई, आई ही," म्हणून तिनं माझ्याकडे बोट केलं.

मी डबी घ्यायला हात पुढे केला. पोर तेवढ्यात माझ्या कडेवरून तिच्याकडे गेली.