मामाजींच्या तीन वाट्या

चार माणसं एकत्र बसलेली दिसली की माझ्या मामाजींना राहवत नसे. पिशवीतून तीन लाकडी वाट्या निघत, पालथ्या पडत आणि कापडाची गोटी एकीखालून दुसरीखाली जाऊ लागे. लग्न असो की तेरवी, त्यांना फरक पडत नसे.

खेळ एक वेळ सोसला असता. पण सोबत त्याची जन्मकथाही ऐकावी लागे. हा खेळ केशोरी गावात, आपल्याच घरी, आपल्या आजानं काढला, असं ते शपथेवर सांगत. आजानं तो कधी तळ्याच्या पाळीवर काढलेला असे, कधी धानाच्या खळ्यावर. खेळ फार जुना आहे, देशोदेशी चालतो, मूळचा कुठला ते कुणालाच ठाऊक नाही, हे मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. ते म्हणाले, "मंग? इथूनच गेला असन."

माझ्या साक्षगंधाला तर त्यांनी कहर केला. अंगठी वाटीखाली ठेवली, वाटी उचलली, अंगठी गायब. ती काढून देण्याआधी आजाची कथा सुरू. सासूबाईंचा चेहरा उतरला, आई रडकुंडीला आली. कथा संपली, तर अंगठी खरोखरच सापडेना. आम्ही मांडवभर सतरंज्या झटकल्या. शेवटी ती त्यांच्याच बाहीच्या दुमडीत निघाली. "भेटली ना? मंग कायले तोंड पाडून राहिले?" असं वर आम्हालाच विचारलं.

पुढे लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला. मी तासाभरासाठी भेटायला गेले, तर त्यांनी वाट्या माझ्यापुढे ढकलल्या आणि शिक म्हणून दुपारभर बसवून घेतलं. मला काही जमेना. वैतागून विचारलं, आजानं तुम्हाला तरी कसं शिकवलं?

त्यांनी गोटी जवळ ओढली. मग म्हणाले, "आजानं नाही, बाई. आपल्या इकडच्या प्रतापगडच्या यात्रेत एक खेळवाला होता. जेवण सोडून मले शिकवत बसला. मी त्याचं नाव इचारलंच नाही."

मग आजाचं नाव कशाला लावलं, मी चिडून म्हणाले.

"लोक इचारत, कोणाचा खेळ. कोणाचाच नाही, असं कसं सांगू?"

त्यांनी डाव्या हातानं गोटी माझ्या तळव्यात दाबली आणि माझी बोटं मिटवली. मी वाटी उचलली आणि गोटी मुठीतून निसटून जमिनीवर घरंगळली. हात पाहू नको, समोरच्याचं तोंड पाहा, म्हणून ते खेकसले.

ती आमची शेवटची भेट. वाट्या मांडल्या की माझी नजर अजूनही हातावरच जाते.