फाटक उघडंच होतं

घोडदळातले दफादार रामफल सिंग. त्यांचं नाव आधी घेतो. मी घोड्यावर राहिलो तो त्यांच्यामुळे.

मी करी रोडच्या चाळीतला. शाळा आठवीनंतर सुटली. फौजेत मेसच्या कामावर लागलो, घरापासून दीड दिवसाच्या प्रवासावर. दफादारसाहेबांनी मला तबेल्यात मागून घेतलं. रोज पहाटे पाचला, हजेरीच्या फॉल-इनच्या आधी, घोड्यावर बसायला शिकवलं.

त्या रविवारी युनिटची क्रॉस-कंट्री राइड होती. शेतं, ओढे, आठ कुंपणं. प्रत्येक कुंपणाशेजारी एक फाटक, उडी जमत नाही त्याच्यासाठी. दफादारांच्याही वरचे आमचे अधिकारी, रिसालदारसाहेब, यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "फाटक से गया तो कल से वापस मेस."

साडेसहाला निघालो. दोन कुंपणं पार झाली. तिसऱ्यापाशी घोडी अडली. पुन्हा आणली, पुन्हा अडली. तीनदा अडली की बाहेर. चूक माझीच. लालबागच्या दहीहंडीत मी कायम सगळ्यात खालच्या थराला, मान खाली घालून भार घेणारा. इथंही कुंपण आलं की नजर खाली जायची. घोडीला वाटायचं, थांबायचंय.

मागून कुणीतरी ओरडला, "ए बंबई, फाटक खुला है! टॅक्सी बुलाऊं?"

दफादारसाहेब चौथ्या कुंपणाकडे निघाले होते. मागे फिरायचं नाही अशी ऑर्डर होती. ते फिरले. तिसरं कुंपण उलट्या बाजूनं ओलांडून माझ्यापाशी आले.

"नीचे क्या रखा है? मेरी पीठ देख."

"साब, ऑर्डर है..."

"मैं देख लूंगा. चल."

ते पुढे, मी मागे. फक्त पाठ बघितली. घोडीनं उडी घेतली.

सातव्या कुंपणाला त्यांच्या घोड्याचे पुढचे पाय लागले. साहेब खाली, घोडा त्यांच्या अंगावर. सात वाजून दहा मिनिटांनी युनिटच्या डॉक्टरांनी साहेबांच्या नाडीवरचा हात काढला आणि उठून टोपी उतरवली. राइड तिथंच थांबली.

त्या घोड्यानं माझ्यासाठी दोन उड्या जास्त मारल्या होत्या. चौकशीत मी तेच सांगितलं. क्लार्क हळूच म्हणाला, "इतना मत लिखवा, फंसेगा."

"लिखो, साब."

मला मेसमध्ये पाठवलं नाही. पुढं बारा वर्षं घोड्यावर काढली. फाटकातून एकदाही गेलो नाही.

परवा शिवाजी पार्कात चालताना साहेबांची गोष्ट सांगितली, तर सोबतचे एक काका म्हणाले, "खेळात गेला ना रे तो? लढाईत नाही." साहेबांच्या गावच्या शहीद स्तंभावरही याच कारणानं साहेबांचं नाव नाही. मला हे मान्य नाही. माणूस ड्यूटीवर गेला.

साहेब, एक दिवस तुमच्या गावी येणार. नाव कोरलं जाईपर्यंत त्या स्तंभापाशी बसणार. कुणी उठवून दाखवावं.