नववी ‘ब’चा नमुना पाठ

चहा होऊ द्या आधी. ही गोष्ट कोरड्या घशानं सांगण्यासारखी नाही. माणूस माती खातो म्हणतात ना? तशी मी एकदा भर वर्गात, पोरांसमोर आणि सरकारी कमिटीसमोर घमेलंभर माती खाल्ली. आणि खाताना वर सांगतही होतो, की बघा, अशी खायची असते!

शिरूरच्या एका बी.एड. कॉलेजात मी तेव्हा नवाकोरा प्राध्यापक होतो. मराठी शिकवायचो नाही हं, मराठी कशी शिकवायची ते शिकवायचो. स्वतः शाळेत एक वर्षसुद्धा काढलेलं नव्हतं. पण पोहायला शिकवणाऱ्यानं पाण्यात उतरलंच पाहिजे असं थोडंच आहे? काठावरून ओरडणाराही लागतो की कुणीतरी.

त्या वर्षी कॉलेजचे ग्रह उच्चीचे होते. आमच्या एका मॅडमना पीएच.डी. मिळाली. एक विद्यार्थिनी विद्यापीठात पहिली आली. झालं, प्राचार्यांच्या डोक्यात गुणगौरव समारंभ घोळायला लागला. पण दोन सत्कारांत त्यांचं पोट भरेना. प्राध्यापक झाले, विद्यार्थी झाले, आता माजी विद्यार्थी हवा.

तो होता. सोनवणे गुरुजी, आमच्या पहिल्या बॅचचे. भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यातल्या एका गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी त्यांचं नाव शेवटपर्यंत पोचलं होतं. आता फक्त कमिटी यायची होती. कधी येणार ते सांगत नाहीत. येतात, मागच्या बाकावर गुपचूप बसतात, एक पाठ बघतात आणि जातात. त्या एका पाठावर सगळं ठरणार होतं.

आणि नेमके त्याच शाळेत आमच्या विद्यार्थ्यांचे सराव पाठ लागले. ते तपासायला प्राचार्यांनी मला पाठवलं. निघताना बजावलं, की सोनवण्यांच्या वाटेला जाऊ नका, माणूस आधीच ताणाखाली आहे. मी म्हटलं, मी कशाला जातोय? मला तर त्यांचा चेहराही माहीत नव्हता.

न्हावऱ्याच्या पुढं एसटीनं मान टाकली. शाळेत पोचलो तेव्हा तास सुरू होऊन गेलेला. पाठ होता कदम नावाच्या विद्यार्थ्याचा. हे कदम चाळिशीचे, दुसऱ्या शाळेत नोकरी करत बी.एड. करणारे. प्रवेश उशिरा झाल्यामुळं मी त्यांनाही पाहिलेलं नव्हतं. शिपायाला विचारलं, नववी कुठं? त्यानं बोट दाखवलं. तिथं दोन वर्ग. ‘अ’मध्ये शिक्षक नाही, पोरांचा कालवा चाललेला. ‘ब’मध्ये चाळिशीचे एक गृहस्थ, पांढरा शर्ट, काळी पँट. आमच्या कॉलेजचा गणवेश तोच. आणखी काय पुरावा पाहिजे?

पाठ बघायची आमची रीत अशी, की तपासणाऱ्यानं आवाज न करता आत जायचं, मागं बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मी काखेत फाइल मारून तसाच गेलो आणि बसलो. गृहस्थांनी मला पाहिलं आणि त्यांच्या हातातला खडू खाली पडला. मी मनात म्हटलं, घाबरलाय बिचारा.

तुमच्या लक्षात आलंच असेल. ते सोनवणे गुरुजी होते. त्यांना वाटलं, कमिटी आली. मला वाटलं, हेच कदम. आणि एकमेकांशी बोलायचं नाही हा नियम दोघांनीही प्राणपणानं पाळला.

विषय होता निबंधाचा, ‘आमचा आठवडे बाजार’. गुरुजींनी खडू उचलला, दोन मिनिटं चाचरले आणि मग एकदम एका पोरीला म्हणाले, “भेंडी कशी दिली गं?” पोरगी उठली आणि अशी काही तोऱ्यात बोलली, की वर्ग हसायला लागला. एक जण कांदेवाला झाला, एक जण हुज्जत घालणारी मावशी. गुरुजी चक्क पोरांच्या बाकावर जाऊन बसले आणि पोरांच्या तोंडचे शब्द तिथूनच एकाला फळ्यावर लिहायला सांगत होते. तास संपला तेव्हा फळा भरला होता आणि माझा कागद कोरा होता. मी हसत बसलो होतो हो, लिहायचंच विसरलो!

आता खरं तर तिथंच शहाणपण यायला हवं होतं. पण मला राग आला. रकाने रिकामे राहिले म्हणजे विद्यार्थ्याचंच काहीतरी चुकलं, असं आमचं शास्त्र.

व्हरांड्यात घेतलं त्यांना. प्रस्तावना नाही. हेतुकथन नाही, म्हणजे आज काय शिकायचं ते फळ्यावर लिहिलं नाही. एखादा तक्ता नाही, चित्र नाही. टाचणवही, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, माझ्या हातात दिली नाही. शिक्षक बाकावर बसतो का कधी? मी बोलत गेलो आणि ते “जी साहेब, जी साहेब” म्हणत गेले. त्या ‘साहेब’ शब्दानं मी जो फुगलो म्हणता! आमच्या कॉलेजात मला शिपाईसुद्धा साहेब म्हणत नसे.

शेवटी त्यांनी खाली बघत विचारलं, “म्हंजी माझं काय खरं न्हाई म्हणायचं, साहेब?”

“पडला पाठ. परत घ्यावा लागेल.”

“परत मिळतो व्हय?” त्यांचे डोळे भरून आले. “आमची आई साऱ्या वस्तीला सांगत फिरतीय. वस्तीवरचा पहिला मास्तर मी. तिला काय सांगू आता?”

एका सराव पाठासाठी हा चाळिशीचा बाप्या रडतो? मलाच भरून आलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेवीस-चोवीसचं वय माझं, मिशी धड आलेली नाही, आणि त्या माणसाच्या पाठीवर हात! म्हटलं, घाबरू नका. पुढचा तासही याच वर्गावर आहे ना? मी घेतो. मागं बसा आणि बघा पाठ कसा असतो ते.

तर असा मी फळ्यापाशी उभा राहिलो. गुरुजी मागच्या बाकावर. विषय तोच ठेवला, म्हणजे फरक कळावा. आमच्या शास्त्रात प्रस्तावना म्हणजे काय, तर असे प्रश्न विचारायचे, की पोरांच्या तोंडूनच विषय बाहेर पडावा. त्यांनी ‘बाजार’ म्हटलं, की मी म्हणणार, शाब्बास, आज आपण बाजाराबद्दल शिकूया. एवढंच पाहिजे होतं मला. एक शब्द.

विचारलं, “मुलांनो, आपल्याला लागणाऱ्या वस्तू आपण कुठून आणतो?”

“दुकानातनं.”

“छान. आणखी कुठून?”

“शेतातनं.” “मामाकडनं.” एक जण म्हणाला, “आमचा दादा रांजणगावच्या कंपनीतनं आणतो.”

तेवढ्यात दारातून तिघं जण आत आले. एक पोक्त बाई आणि दोन पुरुष. काही न बोलता मागं जाऊन गुरुजींच्या शेजारी बसले. मला वाटलं, शाळेतले शिक्षक असणार. बातमी पसरलेली दिसते, की शिरूरचे सर नमुना पाठ घेतायत. मी केसांवरून हात फिरवला आणि आवाज चढवला.

“बरं, जिथं पुष्कळ माणसं जमतात आणि वस्तू मांडलेल्या असतात, असं ठिकाण कोणतं?”

“लग्न.”

“आठवड्यातून एकदा जमतात.”

“ग्रामसभा,” एक जण म्हणाला. “ती कुठं जमतीय,” दुसऱ्यानं सांगितलं.

मला घाम फुटला. पोरं मठ्ठ नव्हती हो. मघाच्या तासाला तर पोपटासारखी बोलत होती. मग आताच का वाचा बसावी? मागं गुरुजी त्या तिघांकडं बघत होते, माझ्याकडं बघत होते, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. ते अर्धवट उठले. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

मी दरडावलं, “बसा खाली. पाठ चालू असताना बोलायचं नाही.”

ते बसले. बाईंनी भुवया वर केल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी पुन्हा पोरांकडं वळलो आणि हात जोडायचेच काय ते बाकी ठेवून म्हणालो, “अरे, भाजी कुठं मिळते?” पहिल्या बाकावरची, मघाशी भेंडी विकणारी पोरगी कीव आल्यासारखी उठली.

“सर, बाजार मागच्याच तासाला झाला. तुम्ही दुसरंच काय तरी इचारताय आसं वाटलं आमाला.”

वर्ग हसला. मी हसलो नाही. पुढं मी काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही. फळ्यावर हेतुकथन मात्र सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

घंटा झाली. बाई उठल्या, सरळ माझ्याकडं आल्या आणि थंड आवाजात म्हणाल्या, “सोनवणे सर, तुमच्याबद्दल आम्ही बरंच वेगळं ऐकलं होतं.”

सोनवणे? मी वळून मागं बघतोय तोच दारात एक चाळिशीचे गृहस्थ उभे. पांढरा शर्ट, काळी पँट, दोन्ही हात ग्रीसनं माखलेले. म्हणाले, “सर, मी कदम. गाडी पंक्चर झाली. माझा पाठ आता कवा घेऊ?”

सांगतो तुम्हाला, त्या क्षणी वर्गातली फरशी दुभंगली असती, तर मी आनंदानं आत उडी घेतली असती. पाठ कुणाचा, पडला कुणाचा, घेतला कुणी आणि पाहिला कुणी, सगळं एकदम डोक्यात शिरलं.

हेडमास्तर धावत आले. फाटकात जीप दिसल्यापासून ते ऑफिसात चहा सांगून कमिटीची वाट बघत बसले होते. त्यांनी एका दमात ओळखी उरकल्या. “म्याडम, सोनवणे सर ते, मागं बसलेत ते. आन् हे शिरूरच्या बी.एड. कॉलेजातनं आलेत, पाठासाठी.”

“अच्छा,” बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं, “विद्यार्थी होय.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार? मी विद्यार्थी नाही, त्यांना शिकवणारा आहे, असं? तो पाठ बघितल्यावर? कॉलेजची उरलीसुरली अब्रू मी माझ्या मौनात गुंडाळून ठेवली.

पण खरी पंचाईत पुढंच होती. कमिटीतले एक जण घड्याळ बघत म्हणाले, की आम्हाला एकच तास बघायचा असतो, पाटसच्या शाळेत बैठकीला वेळ दिलीय, आणि सोनवण्यांचे तास तर आता संपले. गुरुजी उठून उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “ऱ्हाऊ द्या साहेब. माझा पाठ ह्यांनी बघितलाय. पडलाय त्यो.”

मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. माझ्या एका वाक्यानं त्या माणसानं हातात आलेली गोष्ट सोडून दिली होती.

“खोटं आहे ते,” मी म्हणालो. “बाई, यांच्या पाठात मी एक शब्द लिहू शकलो नाही, कारण मी हसत होतो. असा पाठ मी कधी बघितला नाही. मी जे बोललो ते पुस्तकातलं बोललो.”

“तुमच्या शब्दावर पुरस्कार कसा द्यायचा?” बाई म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. कोण होतो मी? बाहेर जीपच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

तेव्हा ती भेंडीवाली पोरगी पुन्हा उठली. “म्याडम, आम्ही दावू का बाजार?”

आणि कुणी हो म्हणायच्या आत बाजार भरला की! कांदेवाला ओरडायला लागला, मावशी हुज्जत घालायला लागली. एका पोरानं बाईंनाच गिऱ्हाईक केलं. “आवो ताई, नुसतं दाबून बघू नका, घ्यायचं असंल तर बोला.” बाई पदर खोचून कांद्याला नावं ठेवायला लागल्या. गुरुजींनी कधी खडू हातात घेतला, कधी बाकावर जाऊन बसले, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. कमिटी आहे हेच ते विसरले होते. पाटसची शाळा त्या दिवशी बरीच ताटकळली.

पुरस्कार गुरुजींना मिळाला. आमचा गुणगौरव समारंभ झाला आणि प्राचार्यांनी प्रमुख पाहुण्या म्हणून कुणाला बोलवावं? त्याच बाईंना. मी स्टेजच्या कडेला शाली-नारळांचं तबक घेऊन, शक्य तेवढा तबकामागं लपून उभा होतो. पीएच.डी.वाल्या मॅडमचा सत्कार झाला, विद्यापीठात पहिल्या आलेल्या मुलीचा झाला, गुरुजींचा झाला तेव्हा त्यांच्या आईनं पहिल्या रांगेत उठून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटलो.

मग बाई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, या कॉलेजचा आणखी एक विद्यार्थी मला लक्षात राहिलाय. त्याला शिकवता येत नाही, अजिबात येत नाही. पण आपलं चुकलं हे चारचौघांत सांगायला छाती लागते, त्याचाही सत्कार झाला पाहिजे. एवढं म्हणून त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि तबकामागून मला बाहेर ओढलं.

प्राचार्यांचं तोंड उघडं ते उघडंच. बाईंनी माझ्या हातात गुलाबाचं फूल दिलं, कौतुकानं खांद्यावर थोपटलं आणि माइकमध्येच विचारलं, “काय रे, झालास का पास?”

मी काही बोलायच्या आत सभागृहातून एका सुरात उत्तर आलं. समोर माझेच विद्यार्थी बसले होते, ज्यांचे पाठ मी वर्षभर लाल शाईनं पाडले होते, आणि कदम सगळ्यांत पुढं.

“नाही!”